ही मागं राहिली

उरणहून निघालो तेव्हा आम्ही दोघंच होतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे हा आकडा बदलतो आणि त्यात माझी चूक नाही. मी प्राथमिक शाळेत गणित शिकवतो. फार चांगलं शिकवतो असं कुणी म्हणत नाही, पण दोनापर्यंत मला येतं.

त्यातला एक मी. पन्नाशी ओलांडलेला, उजव्या गुडघ्याला पट्टा, डोक्याला बायकोने हट्टाने घेऊन दिलेली टोपी, जी घातली की मी क्रिकेटच्या पंचासारखा दिसतो. दुसरा माझा मित्र. एका गावचे, एका बाकावरचे. त्याच्या घरची पूर्वी मिठागरं होती. मिठागरं गेली, बंदर आलं, आणि आता त्याचे दोन ट्रेलर कंटेनर वाहतात. म्हणून मी त्याला शेठ म्हणतो, तो मला मास्तर म्हणतो, आणि दोघांपैकी कुणालाच ते पुरतं खरं वाटत नाही.

जायचं होतं हरिहरेश्वरला, किनाऱ्या-किनाऱ्याने, पायी. नवस शेठचा होता. म्हणजे शेठचा आणि वहिनींचा. मुलगी तान्ही असताना डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ‘पोर वाचली तर जोडीनं चालत येऊ’ असं दोघं बोलले होते. पोर वाचली, शिकली, सासरी गेली. नवस मात्र दर दिवाळीला ‘पुढच्या वर्षी नक्की’वर थांबायचा. कधी ट्रेलरचा ड्रायव्हर पळून जायचा, कधी वहिनींचा गुडघा सुजायचा. आणि मग गेल्या पावसाळ्यात वहिनीच गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं.

जोडीनं बोललेला नवस एकट्याने कसा फेडायचा? त्याला रीत आहे. पूजेला बायको नसेल तर पुरुषाने कनवटीला सुपारी लावायची. ती सुपारी म्हणजे बायको. भटजींनीही तेच सांगितलं. शेठने वहिनींच्या पानाच्या डब्यात उरलेली एकुलती एक अख्खी सुपारी बाहेर काढली. वहिनींचं माहेर श्रीवर्धनचं, सुपारीची वाडी असलेलं. हातात अडकित्ता असल्याशिवाय त्यांना गप्पा मारता येत नसत. दोन वाक्यं, मग ‘कट्’, मग पुढची दोन वाक्यं. शेठने ती सुपारी लाल खणाच्या तुकड्यात बांधली, आणि मग लक्षात आलं की ट्रॅकपँटला कनवट नसते. शेवटी कमरेला पाऊच लावला. एका कप्प्यात मोबाइल, दुसऱ्या कप्प्यात वहिनी.

आता यात माझं काय काम? आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक खाडीत सोडले. भिंतीवर दोन तसबिरी आहेत, आणि दोन्ही आम्हाला ‘आधी विचार कर’ एवढंच सांगतात. देवांबरोबर भुतंही गेली. याचा तोटा असा की मला भीती वाटलीच तर ती कशाची वाटली, हे घरी सांगायची सोय नाही.

तरी गेलो, ते शेठच्या मुलीमुळे. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी आमच्या दारात उभी राहिली, पोटावर ओढणी धरून.

“काका, बाबा अजून दोन ताटं वाढून घेतात. ते मी चालवून घेते. पण परवा म्हणाले, तुझ्या आईला हरिहरेश्वरचा समुद्र फार आवडायचा, आम्ही तिथंच राहू. राहू म्हणजे काय हो, काका?”

 मला उत्तर सुचलं, पण सात महिन्यांच्या गरोदर पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

“नवसाचं मला काही नको,” ती म्हणाली. “तुम्ही बाबांना परत आणा.”

“आणतो गं,” मी म्हटलं.

ती गेल्यावर बायको म्हणाली, “तुम्ही भाजी आणायला जाता आणि पिशवी मंडईत विसरून येता. हे जमेल का?”

शेठला मी म्हटलं, मीही येतो, सुट्टी आहे. तो हसला. “चल. तुला देव न्हाय, मला बायको न्हाय. दोघांचा मिळून एक भक्त होईल.”

भाऊबीज झाली आणि निघालो. करंज्याहून लाँचने रेवसला उतरायचं होतं. लाँच सुटली आणि शेठला शंका आली.

“मास्तर, नवस चालत जायाचा हाय. लाँचवर बसून गेलो तर तेवढं तुटंल का?”

“मग काय पाण्यावरून चालणार?”

“लाँचवर चालू.”

आणि आम्ही चाललो. करंजा ते रेवस, डेकवर, मच्छीच्या पाट्या चुकवत, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. नवस फेडायची ही पद्धत शास्त्रात असेल असं मला वाटत नाही, पण शेठ गंभीर होता, आणि त्याच्या मागे पंचाची टोपी घालून मीही गंभीर होतो. लोक बघत होते. एका कोळणीला ते सहन झालं नाही. आपली पाटी बाजूला सारून ती ओरडली, “तुमी नाचा रं किती नाचायचं ते! त्या बाईला तरी बसू द्या. कवाची मागं मागं फिरतेय बिचारी.”

मी मागे पाहिलं. लाँचवर बायका भरपूर होत्या. कुणालाही म्हणाली असेल. मी तसं स्वतःला सांगितलं आणि विषय मिटवला. शेठने मात्र पाऊचवर हात ठेवला आणि मान हलवली, घरातलं माणूस दमलं की हलवतो तशी.

अलिबाग ओलांडलं, रेवदंड्याच्या पुलावरून खाडी ओलांडली. मुंबई-पुण्याच्या गाड्या अंगावर धूळ उडवत जात होत्या. माझ्या पायाला फोड आले, मग फोडांना फोड आले. चालायचा वेग आधीच कमी, त्यात शेठ मधेच थांबायचा.

“काय झालं?”

“थांब जरा. ही मागं राहिली.”

पहिल्यांदा मी हसलो. वहिनींचा गुडघा दुखायचा, त्या खरोखरच मागे राहायच्या. बाजारात, लग्नात, कुठेही. शेठ पुढे जायचा, मग थांबायचा, वळायचा आणि हेच वाक्य म्हणायचा. आताही तो तसाच वळून उभा राहायचा. रस्ता रिकामा असायचा. सुरूच्या झाडांतून वारा, पलीकडे समुद्राचा आवाज. आणि तो बघत राहायचा, डोळे हळूहळू जवळ येणाऱ्या कशावर तरी ठेवून. दूरवरून सुरुवात करून, रस्त्याच्या कडेकडेने, अगदी माझ्या शेजारी येईपर्यंत. मग म्हणायचा, “चल.”

मी दर वेळी अर्धं पाऊल बाजूला व्हायचो. का, ते विचारू नका.

कोर्लईच्या चढाला एक चहाची टपरी होती. बाकावर आम्ही टेकलो. कुणी काही सांगितलं नव्हतं. चहावाल्याने तीन कप आणून ठेवले. दोन आमच्यासमोर आणि एक शेठच्या डाव्या हाताला, जरा पलीकडे.

“दोनच,” मी म्हटलं.

चहावाला घोटाळला. शेठच्या डावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अरे हां,” म्हणाला, पण कप उचलला नाही. शेठने स्वतःचा चहा पिऊन संपवला. तिसऱ्या कपावर साय धरली. निघताना शेठ म्हणाला, “ती तशीबी गारच पिते.”

मी रात्री झोपताना याची कारणं काढली. मास्तरला कारणं लागतात. एक, टपरीवाल्याने आम्हाला बोलताना ऐकलं असेल. दोन, त्याच्याकडे नेहमी तिघं येत असतील. तीन, त्याचंही गणित कच्चं असेल. तिसरं कारण मला सगळ्यात आवडलं आणि ते धरून मी झोपलो.

मुरुडच्या अलीकडे एका घरी राहिलो. खोल्या भाड्याने देणारं कुटुंब, पुढे पडवी, मागे नारळ. शेठ पडवीत बसून वारा घेत होता, हळू आवाजात बोलत होता. मी आत पाय शेकत बसलो होतो. घरातली बाई तीन चादरी घेऊन आली. “ताईंना आत बोलवा ना. पडवीत डास आहेत. त्या गृहस्थांचं काय, पुरुष माणूस, पण त्या किती वेळ ओट्यावर बसून राहतील?”

“आम्ही दोघंच आहोत,” मी सांगितलं.

 तिने दोन चादरी ठेवल्या, तिसरी छातीशी धरली, आणि पडवीतून न जाता मागच्या दाराने निघून गेली.

पहाटे मला जाग आली ती आवाजाने. कट्. मग थोडी शांतता, दोन वाक्यांएवढी. मग कट्. मी अंथरुणात ताठ झालो. शेठ माझ्या शेजारी घोरत होता. पाऊच त्याच्या उशाशी. मी सगळ्या तत्त्वांची मनात उजळणी केली आणि उठून पडवीत गेलो. वाऱ्याने फाटकाची कडी आपटत होती. कडीच होती. मी ती घट्ट लावली, परत आलो आणि पडलो.

थोड्या वेळाने पुन्हा झालं. कट्. मी दुसऱ्यांदा उठलो नाही. पहिल्यांदा उठलो होतो, तेवढं धैर्य एका माणसाला पुरे.

पण खरी गोष्ट आगरदांड्याला झाली. तिथून खाडी ओलांडून दिघीला जायला मोठी बोट असते, गाड्यासुद्धा चढतात. या वेळी चालायचं त्राण नव्हतं, म्हणून शेठने देवाची माफी मागितली आणि आम्ही बसलो. बाकावर गर्दी होती. एक गृहस्थ माझ्या बाजूच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, “इथे कुणी आहे?”

“हो, आहे,” मी म्हटलं.

ते गेले. मग मला कळलं की मी काय बोललो. माझी पिशवी मीच मांडीवर घेतली होती आणि शेठच्या आणि माझ्या मधे एका माणसाची जागा सोडून बसलो होतो. किती वेळापासून, कुणास ठाऊक.  चहावाला वेडा असू शकतो, घरवाली घाबरट असू शकते. पण आता त्यांच्यात मीही होतो. शेठ माझ्याकडे बघून हसला आणि हळूच म्हणाला, “बरं केलंस. बोट लागते तिला, खेटून बसलं की.”

त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा भीती वाटली. तो दुःखी असता तर चाललं असतं. तो खूश होता. पायाची सालं निघालेला माणूस एवढा खूश कसा असतो? मुक्काम जवळ आला की माणूस खूश असतो. आणि तो मुक्काम कोणता, ते त्याने मुलीला सांगितलं होतं.

दिवेआगर, शेखाडी असं करत श्रीवर्धनला पोचलो. वहिनींच्या माहेरी. वाडीत शिरलं की ऊन संपतं. सरळसोट सुपारीची झाडं, खाली पाण्याचा वास, आणि घरापुढच्या मोठ्या अंगणात सोललेली सुपारी वाळत टाकलेली, पाय ठेवायला जागा नाही एवढी. वहिनींची भावजय, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको, भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. शेठवरून तुकडा ओवाळला, त्याच्या पायावर पाणी घातलं. मग माझ्या. मग तिने तांब्या पुन्हा तिरका केला आणि आमच्या मागच्या रिकाम्या पायरीवर सावकाश, दोन धारांत, उरलेलं पाणी ओतलं.

“आलीस गो बाय,” ती म्हणाली. “किती दिवसांनी!”

शेठने फोनवर सुपारीचं सांगितलं असणार. मी विचारलं नाही. पाणी पायरीवरून ओघळलं, आणि मी माझे पाय बाजूला घेतले.

दुपारी जेवणं झाल्यावर शेठने पाऊच उघडला, खणाची गाठ सोडली आणि सुपारी अंगणाच्या कडेला इतर सुपारीत नेऊन ठेवली. “बसू दे जरा उन्हात. आपल्या माणसांत. मास्तर, लक्ष ठेव.” एवढं म्हणून तो वाडीत मेहुण्याकडे गेला.

मी लक्ष ठेवलं. अगदी डोळ्यात तेल घालून, सुमारे जेवढा वेळ एक मास्तर जेवणानंतर डोळ्यात तेल घालू शकतो तेवढा वेळ. जाग आली तेव्हा भावजय लाकडी दाताळ्याने सुपारी ओढत होती. या घरात रोजचं काम ते. दव पडायच्या आत अंगण उचलायचं. तिच्यासाठी सगळी सुपारी सारखीच. खर्र खर्र आवाज करत अख्खं अंगण मधोमध जमा झालं होतं, आणि माझ्या कमरेएवढा ढीग उभा होता.

लाल खण रिकामा पडला होता.

मी ओरडलो. ती थांबली, खणाकडे पाहिलं, तिला कळलं. तिने दाताळं खाली टाकलं आणि तोंडाला पदर लावला. शेठ आला, मागोमाग मेहुणाही. मी सांगायला सुरुवात केली, पण त्याने ऐकलं नाही. तो ढिगापाशी गुडघ्यांवर बसला आणि एकेक सुपारी उचलून बघू लागला. बोटांत फिरवायची, नाकाशी धरायची, ठेवून द्यायची. मीही बसलो. मला काय शोधायचं हेही माहीत नव्हतं. सुपारी सुपारीसारखी असते. अंधार होईपर्यंत आम्ही चौघं त्या ढिगाभोवती बसलो होतो, फक्त सुपाऱ्या एकमेकींवर आपटल्याचा बारीक आवाज.

शेवटी भावजय म्हणाली, “जावईबापू, माहेरी आलेली बाई चार दिवस राहतेच. राहू द्या तिला. उद्या दुसरी न्या, नवस फिटेल.”

“दुसरी?” शेठ म्हणाला. “दुसरी कशी नेऊ, वैनी? ही जिवंत असताना कधी दुसरीकडं बघितलं न्हाय.”

कुणी हसलं नाही. तोही नाही.

सकाळी निघताना भावजयीने माझ्या पाठपिशवीत एक जड पिशवी कोंबली. “आमच्या भाचीचं बाळंतपण झालं की बारशाला पान-सुपारी लागेल. आपल्या वाडीची असू दे, रात्रीच ढिगातून भरून ठेवलीय. त्यांना सांगून उपयोग नाही, ते ऐकत नाहीत. तुम्ही न्या.” आधीच मोडलेल्या खांद्याला ते ओझं लागलं आणि मी मनातल्या मनात कुरकुरलो.

त्या दिवशी शेठ एकदाही थांबला नाही. एकदाही मागे वळला नाही. सरळ पुढे, कमरेला सपाट पाऊच, आणि मी लंगडत मागे. ज्या थांबण्याला मी एवढे दिवस वैतागलो होतो, त्यासाठीच आता मी हाका मारत होतो.

घाट चढून गेल्यावर एक टपरी लागली. मी बाकावर कोसळलो. शेठ रस्त्याच्या कडेला समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. चहावाल्याने चहा आणला. एक.

“दोन द्या,” मी म्हटलं.

“दोन लागतात का?” त्याने कौतुकाने विचारलं. “एकटेच चालत निघालात, काका?”

मी शेठकडे बोट दाखवलं. चहावाल्याने त्या बाजूला पाहिलं. पांढरा शर्ट, मागे चकाकणारा समुद्र, डोळे दिपवणारं ऊन. दिसला नसेल. उन्हात माणूस दिसत नाही कधी कधी. चहावाल्याने डोळ्यांवर हात धरला, बघितलं, आणि दुसरा कप भरला.  तीन होतो तेव्हा मी नुसता घाबरलो होतो. आता दोनाचे एक होत होते, आणि परत न्यायचा होता तो आकड्यातून गळत होता.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. त्रिपुरी पौर्णिमा होती. देवळाच्या आवारात पणत्या मांडणं चालू होतं. शेठ आत गेला. मी बाहेर चपला सांभाळत उभा राहिलो, ते काम मला कुठल्याही धर्मात जमतं. तो लगेच बाहेर आला.

“झालं?”

“एकट्याचं काय होणार?” तो म्हणाला. “प्रदक्षिणा करून येतो. तू बस.”

तिथली प्रदक्षिणा म्हणजे देवळाभोवतीची नव्हे. डोंगर चढायचा, दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि समुद्राच्या कडेने, लाटांनी कुरतडलेल्या खडकांवरून डोंगराला वळसा घालून यायचं. हे फक्त ओहोटीला. भरतीला तिथे वाट नसते, पाणी असतं. मिठागरात वाढलेल्या माणसाला हे मी सांगायची गरज नव्हती. उधाणाचं पाणी कधी आत घ्यायचं, यावर त्याच्या बापाचं घर चाललं. तो भरतीचा अंदाज चुकणार नाही. म्हणून तर मी चपला तिथेच टाकल्या आणि त्याच्या मागे गेलो.

त्या फटीतून उतरताना दोन्ही खांदे दगडाला घासतात. खालून समुद्राचा आवाज वर येतो, कुणीतरी नरड्याशी खाकरल्यासारखा. लोक परतत होते, आम्ही जात होतो. खाली पोचलो तर शेठ बराच पुढे, खडकाच्या टोकावर बसलेला. खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. प्रत्येक भोकात पाणी, आणि ते पाणी हलू लागलेलं. ओहोटी संपली होती.

मी अनवाणी, हात टेकत, एकदा चक्क बसून घसरत त्याच्यापर्यंत गेलो.

“शेठ, पाणी फिरलं.”

“ठाव हाय.”

“मग ऊठ.”

“तू जा, मास्तर. घरची वाट बघत असंल.”

“आणि तुझी लेक?”

“तिला नवरा हाय, सासर हाय. हिला कोण हाय? हिला मी ढिगात टाकून आलो.” तो पाण्याकडे बघत होता. “जोडीनं येतो म्हणालेलो. मी एकटाच आलोय. आता ती यील तवा यील. मी हितं थांबतो. ती मागं राहिली.”

एक लाट आली, आमच्या पायांखालून गेली आणि मागच्या बाजूला, आम्ही आलो त्या वाटेवर, पांढरी होऊन पसरली. मला वाटलं, बायकोला फोन करून विचारावं. या वयातही मला अडचणीत हेच सुचतं. मग पाठीवरचं ओझं खांद्यात रुतलं, आणि मी पिशवी काढून त्याच्या मांडीवर आपटली.

“हे काय?”

“सुपारी. भावजयीने दिली. तुझ्या नातवाच्या बारशाला. काल रात्री त्याच ढिगातून भरली.”

त्याने पिशवीवर हात ठेवला.  “हिच्यात ती हाय?”

“असेल किंवा नसेल.”

“वर्गात असंच शिकवतोस काय?”

“हो. म्हणून तर पोरं नापास होतात. आता ऐक. ती ढिगात होती. त्या ढिगातून मूठ मूठ काढून ही पिशवी भरली, आणि ही चालली तुझ्या लेकीच्या बाळंतपणाला. मला देवाधर्माचं कळत नाही. पण वहिनींना मी ओळखतो. लेकीचं पहिलं बाळंतपण असताना ती बाई ढिगात बसून राहील, की पिशवीत शिरेल? तूच सांग. तिचा नवरा तू आहेस.”

दुसरी लाट आली ती गुडघ्यापर्यंत. शेठने पिशवी झटकन उचलून छातीशी धरली. भिजू नये म्हणून.

“शिरंल,” तो म्हणाला.  “मला न सांगता शिरंल. माहेरी चालली की लेकीकडं, कधी सांगून गेली न्हाय.”

“ती पुढे गेली, शेठ,” मी म्हटलं. “या खेपेला तू मागं राहिलास.”

तो उठला. मी हे सारं सफाईने बोललो असं वाटत असेल, तर माझे दात वाजत होते आणि मी एका हाताने खेकड्यासारखा खडक धरून होतो, हेही लिहून टाकतो. परतीची वाट पाण्याखाली जात होती. शेठ पुढे झाला, कुठला दगड कधी उघडा पडणार ते त्याला कळत होतं. लाट आली की थांब म्हणायचा, गेली की चल. मी फक्त त्याच्या पाठीवर डोळे ठेवले. एकदाच खाली पाहिलं, तर माझ्या डाव्या बाजूला अर्ध्या पावलाची जागा मी अजूनही सोडत होतो, एवढ्या अरुंद खडकावर.

वाट जिथे देवळाकडे चढते तिथे एक म्हातारी पणत्या विकत बसली होती. आम्हाला भिजलेले पाहून तिने कपाळाला हात लावला. “भरतीचं कशाला गेलात? त्या ताई मघाशीच आल्या वर, सुक्या पायांनी. वाट बघून गेल्या पुढं. म्हणाल्या, यांना सांगा, सावकाश या.”

 म्हातारीने कुणालाही पाहिलं असेल. पौर्णिमेला बायका पुष्कळ येतात. शेठने तिच्याकडून दोन पणत्या घेतल्या, लावल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि हात जोडले. “जोडीनं आलो रं बाबा,” एवढंच म्हणाला. पिशवी त्याने खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने परत निघालो. चालत जायचा नवस होता, चालत यायचा नव्हता. तिघांच्या बाकावर जागा मिळाली. खिडकीशी सुपारीची पिशवी, मधे मी, कडेला शेठ. गाडी सुटायच्या आत त्याने मुलीला फोन लावला. “येतोय गं. जेवायला थांब,” म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. त्याची लाळ माझ्या शर्टावर गळत होती आणि मला कधी नव्हे इतकं बरं वाटत होतं.

श्रीवर्धनच्या थांब्यावर गाडी भरली. कंडक्टर आला. खिडकीच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाला, “काका, ती पिशवी खाली ठेवा. लोक उभे आहेत. तिथं कुणी आहे का?”

मी भिंतीवरच्या दोन्ही तसबिरींची मनातल्या मनात क्षमा मागितली.

“आहे,” मी म्हटलं. “बाई माणूस आहे.”

त्याने एकदा त्या जागेकडे पाहिलं, मान लववली, आणि पुढच्या बाकाकडे गेला.